तेरा मिलिमीटर

केंदारीत दुपारी वीज गेली, तशी
हस्नियाने अंगातलं जॅकेट काढून
इन्क्युबेटरभोवती गुंडाळलं,
तापातल्या पोराला पांघरूण घालावं तसं.
ज्यांना मारायचं, त्यांनाच आधी ऊब.

आत बश्यांमधून वाढताहेत
रामलिनच्या कपाळावरचे जिवाणू.
धाकटा भाऊ, पलीकडे मुना बेटावर,
फोटो काढताना खांबाआड जाणारा.

केरसेनची पानं पार्किंगमधल्याच झाडाची.
वाळवली, कुटली, तीन दिवस अल्कोहोलात मुरवली.
जेल दोनदा फसलं: एकदा पाणी सुटलं,
एकदा नुसता चिखल.
तिसऱ्यांदा बोटाला लागलं गार, हिरवट,
आणि ती उगाचच एकटी हसली.

दोन दिवसांनी पट्टी लावून मोजलं.
जेलभोवतीचं मोकळं वर्तुळ: तेरा मिलिमीटर.
शेजारी दुकानातल्या औषधाचं: सत्तावीस.
मॅडम म्हणाल्या, लिही, आहे तेच लिही.
तिने तेरा लिहिलं. शाई जरा फुटली.

रात्री भावाला कळवलं.
बराच वेळ 'टाइप करतोय' दिसत राहिलं,
मग एवढंच:
वास कसा येतो त्याला?

गवताचा, तिने लिहिलं.
खोडलं.
चहाचा.