एदेल्मिराचं कुलूप

गिरणी बंद करणं म्हणजे लाल बटण दाबणं नव्हे,
हे नोल्बेर्तो नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगतो,
दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगतो.

बटण दाबलं तरी करवतीचं चाक
चार मिनिटं फिरत राहतं, स्वतःच्याच वजनाच्या नादात.
नळ्यांत हवा दबा धरून बसलेली.
उचललेला लोखंडी हात
नुसत्या तेलाच्या भरवशावर वर.
यंत्र थांबत नाही रे, तो म्हणतो,
झोपेचं सोंग घेतं.

म्हणून मुख्य खटका खाली ओढायचा.
हवा सोडायची, शेवटचं फुस्स ऐकू येईपर्यंत.
त्या हाताखाली ओंडक्याचा टेकू.
खटक्याला ज्याचं त्याने आपलं कुलूप लावायचं,
किल्ली आपल्याच खिशात.
आणि मग हिरवं बटण दाबून बघायचं.
काहीच झालं नाही, की समजायचं, झालं.

त्या शनिवारी साल काढणाऱ्या यंत्राचे दात बदलले.
पाच कुलुपं लागली, चार निघाली.
पाचवं एदेल्मिराचं,
निळ्या नेलपॉलिशचा ठिपका असलेलं.

मालकाचा जावई कटर घेऊन आला.
"साडेतीनच्या होडीने घरी गेली असेल ती."
"जाताना पाहिलीत?" नोल्बेर्तोने विचारलं.
कुणीच पाहिली नव्हती.
खुंटीवर तिचा कोट नव्हता, एवढंच.
तळ्यापलीकडे फोन लागत नाही.

आम्ही टॉर्च घेऊन यंत्राच्या पोटात वाकलो.
रिकाम्या लोखंडाला बाईच्या नावाने हाका मारताना
लाज वाटते.
मी मारल्या.

मग अंधारात होडी काढली.
ती दारात आली, हात कोपरापर्यंत पिठात.
आम्हाला बघून हसली,
एप्रनचा खिसा चाचपला,
मग कोटाचा,
आणि हसायची थांबली.
"द्या किल्ली, आम्ही उघडतो," मी म्हटलं.
"माझं कुलूप," ती म्हणाली,
आणि हात न धुताच कोट चढवला.
भट्टीतल्या पावाचं काय झालं, कोण जाणे.

नऊ वाजता खटका मोकळा झाला.
जावयाने नुकसानीचा आकडा वाचून दाखवला.
नोल्बेर्तो म्हणाला, "लिहून ठेवा.
यापेक्षा स्वस्तात कुणाला काही सापडत नाही."

सोमवारी फळीवरून माझं कुलूप उचलताना
शेजारचं दिसलं.
किल्लीच्या भोकाभोवती
पीठ वाळलेलं होतं.