पिशव्यांपाशी

भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी किल्ला.
आमच्यात हे ठरवावं लागत नाही.
मुबीनभाईंची क्रूझर सातला दारात,
साडेनऊलाही दारातच,
कारण सुलभाताईंचे केस वाळत असतात.

मी चारला उठलेली.
चाळीस धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दह्याचा डबा,
आणि घरी कुणी हात लावत नाही म्हणून
उरलेल्या सगळ्या करंज्या.

दिल्ली दरवाजात गाडी एकच मावते.
समोरून एसटी आली,
म्हणजे आधी ती.
मिटमिट्याला कुणाला तरी उलटी होतेच.
मागच्या साली ऋग्वेदला झाली,
यंदा ऋग्वेदच्या वडिलांना.

दौलताबादला पाट्याच पाट्या सीताफळांच्या.
बाई म्हणते, डोळे उघडलेलं घ्या, आजच खाऊन टाका,
मिटलेलं घ्या, परवाला होईल.
आम्ही दोन्ही घेतो. भाव मीच करते.

मग तिकिटांच्या रांगेत वंदनाताई वळून म्हणतात,
‘वहिनी, तुम्ही बसता ना पिशव्यांपाशी?’
यात प्रश्न कुठं आहे, ते मी नऊ वर्षं शोधतेय.

नऊ वर्षांत मला
चांदमिनारासमोरचं लिंबाचं झाड पाठ झालं.
त्याची सावली दीडला कुठं सरकते,
कोणतं वानर नुसतं बघतं
आणि कोणतं पिशवीची चेन उघडतं,
झाडणाऱ्या कौसाबाईंच्या सुनेला कितवा महिना,
सगळं ठाऊक.
वरचा किल्ला मात्र फोटोतला.
दरवर्षी कुणीतरी मोबाईल पुढं करून म्हणतं,
हे बघा, इथून तुम्ही दिसत होतात.
मी बघते. झाड दिसतं.

यंदा ऋग्वेदचे वडील
लिंबाखाली आडवे झाले, तोंडावर रुमाल.
‘तुम्ही सगळे जा,’ म्हणाले.

सगळे.

मी चपलेचा बंद ओढला, पदर खोचला.
त्यांना वाटलं, नळावर निघाले.

पाण्यावर शेवाळ, त्यावर पूल,
पुलावर सेल्फीवाल्यांची गर्दी.
पुढं अंधारी.
गाईड वीस माणसं जमल्याशिवाय हलत नव्हता,
आमचेच त्यात सोळा.
मी मागून शिरले, एकविसावी,
तेवढ्यात तो म्हणाला, मोबाईल बंद करा सगळे,
बघा शत्रू कसा चुकायचा.

वटवाघळांचा वास नाकात बसला.
पायरी आहे की नाही, ते पायालाच विचारायचं.
कुणाचं लेकरू रडायला लागलं, कुणी खोटं खोकलं,
आणि एक ओला हात चाचपडत आला,
माझं मनगट घट्ट धरून राहिला.
बांगड्यांवरून ओळखलं, सुलभाताई.
त्यांनी ओळखलं नाही.
‘कोण गं?’
मी बोलले नाही.
‘असू दे, कुणी का असंना. सोडू नको.’

थोडं पुढं, वंदनाताईंचा आवाज :
‘वहिनी एकट्याच बसल्या असतील खाली.’
‘त्यांना आवडतं तिथं,’ आमचे हे म्हणाले.
अंधारात मला हसू आलं,
एवढं की सुलभाताईंनी हात आणखीच आवळला,
त्यांना वाटलं, मी घाबरले.

गाईडनं बॅटरी लावली तेव्हा
मी भिंतीकडं तोंड करून चपलेत खडा शोधत होते.
ते गेले पुढं.
मनगटावर बांगड्यांचे चार वळ.

बाहेर ऊन असं, की डोळे मिटावे लागले.
परत उघडले तर खाली चांदमिनार,
लिंब, लिंबाखाली पांढरा रुमाल,
आणि रुमालापासून हातभर अंतरावर
ते चेनवालं वानर,
मांडी घालून बसल्यासारखं,
एकेक करंजी काढत होतं, फोडत होतं,
सारण खाऊन पापुद्रा टाकत होतं.

हाक मारली असती तर पोचली असती.
वारं तिकडंच वाहत होतं.

बारादरी अजून बरीच वर होती.