खाली, उजवीकडे

वादी कबीरच्या वखारीतून नजीब सरंगने आणला
कपाटाच्या दाराचा उरलेला तुकडा,
अठरा मिलीचा एमडीएफ, एका कडेला बिजागरीची भोकं.
"चालेल काय?"
चालेल. भोकं मांडीवर येतील, एवढंच.

गुरुवारची रात्र, रुवीतली आमची खोली.
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय
आणि जुन्या वर्तमानपत्रावर ओतलेली
अठरा दिवस वाट बघायला लावलेली पिशवी:
आठ बटणं, पिवळी आणि लाल,
एक दांडा, त्याच्या डोक्यावर गोळा.
एक वॉशर कमी. अर्थात.

मी लिफ्टचा माणूस.
दिवसभर लोकांच्या बोटांनी पुसलेले आकडे बदलतो.
दारातला तो बारका स्विच,
जो टिक म्हटल्याशिवाय लिफ्ट जागची हलत नाही,
तोच इथे दांड्याच्या बुडाशी, चार दिशांना चार.
सख्खी भावंडं.
एकाच्या जिवावर सतरा मजले,
दुसऱ्याच्या जिवावर टीव्हीतला पैलवान उडी मारतो.

"चारच? मग तिरपं कसं जातं?"
तिरप्याला वेगळा स्विच नसतो, म्हटलं.
खालचा आणि उजवा एकदम दाबले गेले
की मशीन समजून घेतं.
नजीब जरा थांबला.
"खेड पण तिकडेच ना रे. खाली, उजवीकडे."
नकाशा काढून बघितला नाही आम्ही.

खेडला एसटी स्टँडमागे पत्र्याची शेड होती,
रुपयाला एक डाव.
काचेवर नाणं ठेवून नंबर लावायचा
आणि नजीब हरेपर्यंत उभं राहायचं.
मी बऱ्याचदा नाणं परत खिशात घालून घरी गेलोय.

कागदावर त्याचा हात ठेवून मी पेन्सिल फिरवली.
अंगठा, तर्जनी, मधलं.
पुढे पेन्सिल आत वळली आणि सरळ मनगटाशी आली.
सहा वर्षं झाली पॅनेल-सॉला.
किती रियाल मिळाले ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
मी सहाच बटणं काढली,
सगळी अंगठ्याकडे ओढून घेतलेली, तीन बोटांच्या बेताने.
दोन आठवडे डोकं चालवलं होतं त्यावर.

त्याने खोडरबर घेतलं.
पट्टी लावून काढल्या दोन ओळी, चार-चार,
शेडमध्ये होत्या तशा.
"पुरती बसव. बोटांचं मी बघतो."

भोकं त्यानेच पाडली.
होल-सॉ लाकडाला लागला तेव्हा
मी बादली रिकामी करायला गेलो.

मग तारा.
प्रत्येक बटणाला स्वतःची एक,
आणि सगळ्यांना मिळून एकच काळी,
पंगतीत वाढप्या फिरावा तशी
ह्याच्याकडून त्याच्याकडे, कुणाला न वगळता.
सोल्डरच्या धुराने रेंजित खोकला,
मल्याळममध्ये काहीतरी बोलला,
आणि आमच्यापेक्षा आधी खेळायला बसला.

रेंजितने उभ्या जन्मात दांडा धरला नव्हता.
तळहाताने धपाधप सगळी बटणं बडवली
आणि नजीबला तीनदा लोळवलं.
नजीब म्हणाला, स्प्रिंग ढिली आहे.
खरंच जरा ढिली होती.

दोनच्या सुमाराला जाग आली.
टीव्हीचा आवाज बंद, भिंतीवर निळा उजेड.
पॅनेल न बघता मला आवाजावरून कळतं
कुठलं बटण दाबलंय; पोटाचा धंदा आहे.
वरच्या ओळीतलं चौथं.
टिक.
मध्ये बराच वेळ.
पुन्हा चौथं.
कशाने दाबत होता, उठून बघितलं नाही.

सकाळी चहात खुबूस बुडवता बुडवता म्हणाला,
"कडक स्प्रिंग मागव.
आणि तो वॉशर."