डावा मधला पाय

घरी विचारायचे, दिवसभर काय करतोस?
मी म्हणायचो, माशा.
मारतोस?
नाही, काढतो. कागदावर.
मारायचं काम बाई आधीच करून ठेवतात.

बाईंचं आडनाव मुंगी.
जिन्याखालच्या खोलीवर पाटी:
डॉ. कुमुदिनी मुंगी, माशी-संग्रह.
येणारा प्रत्येक जण तिथे एकदा हसतो
आणि बाई त्याला हसून घेऊ देतात.

सिरपूर तलावाच्या काठी जाळी घेऊन उभे होतो
तर सफाईच्या दरोग्याने हटकलं,
"मक्खी? भिया, अपने इंदौर में?"
घरची अब्रू चव्हाट्यावर आल्यासारखा चेहरा.
बाई म्हणाल्या, "एक ही चाहिए."

ती एक मिळाली.
तिळाएवढी, राखाडी, पाठीवर तीन पुसट पट्टे,
पंखाच्या चौथ्या शिरेला टोकाशी जरासा बाक.
नर होता. मराठीत तरी ती.

मी शिकलेलो ते मक्षिकास्थाने मक्षिका:
दिसेल तसं उतरवायचं, डोकं चालवायचं नाही.
पण ढालिकेवर चार केसांच्या जागी सहा आले.
दोन खोडले. माझीच चूक असणार.
बाईंनी हातातून रबर काढून घेतलं.
"खोडणारे पुष्कळ आहेत. तुम्ही मोजा."

मग सात महिने.
कलकत्त्याहून मागवलेली पेटी,
शंभर वर्षांपूर्वीचं एक जर्मन वर्णन,
ज्यात केसांबद्दल अवाक्षर नाही.
पोटाचं टोक कॉस्टिकमध्ये उकळून
नराचे ते अवयव काचपट्टीवर;
बाई खणखणीत आवाजात सांगायच्या,
मी मान खाली घालून काढायचो.
ही ती नाही. ही तीही नाही.
ही कुणीच नाही, असं सिद्ध करत जायचं
कुणीतरी आहे म्हणायच्या आधी.

नाव ठेवलं इंदूरेन्सिस.
"महापालिकेला कळवू नका," बाई म्हणाल्या.

आणि शेवटच्या आकृतीला माशी शिंकली.
माझी बाही लागली.
पापणीच्या केसाहून बारीक काहीतरी
टेबलावर पडलं, की पडलंच नाही,
श्वास रोखून संध्याकाळपर्यंत शोधलं.
या जातीचे सहाच पाय जगाला ठाऊक होणार होते.
बाईंना सांगितलं.
त्यांनी भिंगातून पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.
"चहा घेतलात का?" म्हणाल्या.

आमच्यात रीत आहे,
नसलेला अवयव तुटक रेषेने दाखवायचा.
छापील पानावर तो तसा आहे,
आणि वर्णनात, पंखाच्या लांबीनंतर, बाईंची ओळ:
डावा मधला पाय नाही.
कुणामुळे, ते लिहिलेलं नाही.

परवा दरोगा भेटला, कचरागाडीच्या पायरीवर उभा.
"मिली थी मैडम को वो एक?"
मी हो म्हणालो.
त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं,
आणि गाडी सुटता सुटता हळूच,
"और भी होगी."