रुंद पानांची

दुकानात येणारा जो तो विचारतो,
हरणं लांब कशी राहतील?
कुणी वासाचं औषध नेतो, कुणी झटका मशीन,
कुणी नुसती सुतळी, बांधाला जुन्या साड्या बांधायला.
त्या दिवशी वनरक्षक नूरजहाँ शिकलगार आल्या,
चिखलाचे गमबूट दारात काढून,
आणि म्हणाल्या, हरणांच्या पिकाला तणनाशक द्या.

देवराष्ट्र्याच्या स्टँडवर बावीस वर्षं औषधं विकतोय मी.
हरणांचं पीक
असं पावतीवर कधी लिहिलं नव्हतं.

कुंपणाच्या आत दीड एकर,
पाणवठ्याच्या वरच्या अंगाला.
कडवळ टाकलंय, मधे चवळी आणि हुलगा,
म्हणजे कळप खाली मक्यात उतरायचा नाही.
आणि आता त्यात कमरेएवढं गाजरगवत,
टाकळा, आघाडा, केना.
सगळी रुंद पानांची, त्या म्हणाल्या.

सोपं आहे, म्हटलं मी,
आणि हात सवयीनं टू-फोर-डीकडे गेला.
बारीक पान सोडतं, रुंद पान मारतं.
मग हात तिथंच राहिला.
चवळीचं पान काय बारीक असतं?

खालच्या खणात इमाझेथापायर.
चवळी ते कशीबशी सोसेल,
पण कडवळ पिवळं पडून बसकण मारेल.
मेटसल्फ्युरॉन चिमूटभर लागतं,
पण मातीत मुक्काम करतं,
पुढच्या हुलग्याची वाट बघत.
ग्लायफोसेट मी काढलंच नाही.
ते कुणालाच नाव विचारत नाही.

शिवाय उगवतीला तातोबा लाडाची द्राक्षबाग,
आणि या दिवसांत वारा मावळतीचा.
सहा वर्षांपूर्वी मीच विकलेला एक डबा
त्याच वाऱ्यावर बसून तिथं गेला होता.
वेलीची पानं पंख्यासारखी आखडली.
तातोबानं एक पान आणून काउंटरवर ठेवलं
आणि न बोलता गेला.
माझ्या खतावणीत ते अजून आहे, जमेच्या बाजूला,
का ठेवलं, माहीत नाही.

बाईंनी बाटली उजेडात धरून बारीक अक्षरं वाचली.
फवारणीनंतर इतके दिवस जनावरं सोडू नयेत.
हे सांबराला कोण वाचून दाखवणार?
मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

युरियाच्या पोत्यावर बिरा मदने बसला होता,
मेंढरांच्या जंताच्या औषधासाठी थांबलेला.
तारेचं कुंपण पडायच्या आधी
तो उतार त्याच्या बापाच्या पायाखालचा.
म्हणाला, केना कशाला मारताय?
चितळ आधी तोच खातं. आघाड्याचा शेंडाही.
आणि टाकळा?
टाकळा तर आम्हीच खातो, कोवळा असला की.

बाईंनी वही काढली.
एकेक नाव खोडत गेल्या,
पेन दोनदा झटकून.
शेवटी गाजरगवत तेवढं उरलं.
त्याच्या बाजूनं बिराही बोलला नाही.

ते फुलावर यायच्या आत उपटायचं ठरलं.
आठ बाया, चार दिवस,
अंगाला खाज सुटू नये म्हणून हातमोजे.
आठ जोड रबरी, पाचशे साठ रुपये.
बाटली मी परत फळीवर ठेवली.
धंदा म्हणून बघितलं तर बुडीतच.

महिन्यानं वर गेलो, उगीच,
मोटारसायकल नाक्यावर लावून.
उपटलेल्या जागी गाजरगवत पुन्हा बोटभर आलेलं.
केना मात्र खालपर्यंत खुडलेला,
स्वच्छ, कात्रीनं कापावा तसा.
चवळीला शेंग होती. कडवळ एका कोपऱ्यात लोळलेलं,
कुणीतरी रात्री तिथं बसून गेलं असणार.

बाई म्हणाल्या, अजून आठ जोड लागतील.
पहिले कुठं गेले?
वानरांनी नेले.
मला वाटलं, थट्टा करतायत.
मग बाभळीच्या फांदीवर एक दिसला,
बोटं पसरून,
तिथंच फुटल्यासारखा.