जाऊन राहिलो

फळी दोन्ही हातांत, हनुवटी पाण्यावर,
मागे पाय चाललेत जीव तोडून,
आणि शेजारची निळी फरशी, एक कोपरा उडालेली,
तिथेच.
पुन्हा पाहिलं. तिथेच.
मग, शपथेवर सांगतो, ती पुढे सरकली.
म्हणजे मी मागे आलो.

काठावर प्रणोती डोंगरवार, वय बावीस,
गळ्यात शिट्टी, हातात चहाचा कागदी कप.
"काका, जाऊन राहिले ना?"
"जाऊन राहिलो," मी म्हणालो.

आमच्या या क्रियापदाला
पुण्याचा जावई पंधरा वर्षं हसत आलाय:
जायचं तर जा, राहायचं तर राहा,
दोन्ही एकदम कसं जमतं तुम्हाला?
त्याला आणायला हवं होतं त्या सकाळी
शेवटच्या लेनपाशी,
जमतं कसं ते दाखवायला.

चौतीस वर्षं आयुधनिर्माणीत.
लोखंडी नाकाचे बूट, नाडी घोट्याच्या वर करकचून,
दत्तवाडीहून सायकल, गेट, शिफ्ट, पुन्हा सायकल.
पायाला माहीत ते एवढंच: दाबा.
"तुम्ही पाण्यात सायकल चालवून राहिले, काका.
गुडघ्यातून नको, कंबरेतून येऊ द्या.
अन् घोटा सोडा."
घोटा सोडा.
दारू सोडली होती एकदा, तंबाखू दोनदा.
पण घोटा धरलेला आहे
हेच मला साठीत कळलं.

मग रात्री टीव्हीसमोर टाचांवर बसायचो,
पावलं उलटी जमिनीला टेकवून.
कूलर धडधडतोय, खसाचा ओला वास,
आणि नडगीच्या टोकाशी अशी कळ
की बातम्यांतलं एक अक्षर कानात शिरत नसे.
"काहून असे बसले? नवस बोलले का?" कुंदा विचारायची.
"घोटे ढिले करून राहिलो."
"डोकं ढिलं झालं तुमचं."
नवव्या दिवशी काही न बोलता
जुनं दुपटं घडी करून तिनं सरकवलं
पावलांखाली.

पोरगी काठावर बसली एकदा, पाय पाण्यात सोडून,
स्वतःची चप्पल बोटांवर लटकवून.
"ओली आहे, सैल आहे. झटकायची.
पण जाऊ द्यायची नाही."
आणि: "पाणी फोडू नका, काका.
भात शिजतो ना शेवटी शेवटी,
तसं रटरटलं पाहिजे मागं."
भात मी कधी शिजवला नव्हता.
त्या रविवारी झाकण काढून उभा राहिलो
चांगली वीस मिनिटं.

मे महिन्यात आमच्याकडे पाणीसुद्धा वरून कोमट असतं,
पहाटे सहाला, हातभर.
त्याखाली एक गार थर आहे,
तो मला आतापर्यंत कधी लागला नव्हता,
कारण माझे पाय वरच धोपटत होते हवेला.
त्या दिवशी अंगठ्याला गार लागलं.
डावा, उजवा, डावा, गार, गार.
काही जोर नाही. मला वाटलं, आज पाय चालतच नाहीत.
आणि कोपरा उडालेली फरशी
मागे गेली.
तिच्यापुढे एक फरशी आहे, तिच्यावर कोणी
खिळ्यानं 'विक्की' कोरलंय.
दीड महिन्यात मला माहीतच नव्हतं.

यापुढचं फार मोठं नाही.
अजून सगळ्यांच्या मागे असतो.
सात वर्षांची एक मुलगी तळव्याला हात लावते,
"सॉरी आजोबा" म्हणते आणि निघून जाते
मासोळीसारखी.
घड्याळ बघायचं नाही असं मी ठरवलंय,
बघतो तरी.

फक्त परवा परतताना रविनगरच्या सिग्नलला
एक पाय पेडलवर, एक अधांतरी,
घोटा आपोआप झटकला
आणि चप्पल उडाली थेट झेब्र्याच्या पट्ट्यांवर.
हिरवा पडला. मागून ऑटोवाल्यानं भोंगा वाजवला,
"ओ काका, जाऊन राहिले का नाही?"
"जाऊन राहिलो ना बाबू," म्हणालो,
आणि उतरून आधी चप्पल आणली.