हजेरीतला ळ

मुहर्रकच्या शाळेत पहिल्याच दिवशी
हजेरी घेताना बाईंनी माझं आडनाव मोडलं.
धुलॅप, म्हणाल्या. मग दुलाप.
तिसऱ्या हाकेला मी उठले,
कारण ओ द्यायची उरलेली मी एकटीच होते.
"धुळप," मी पुटपुटले, कुणाला ऐकू जाऊ नये इतकं.

शेजारच्या मुलीला ऐकू गेलं.
"धुळप," ती म्हणाली. टाळूला जीभ लावून,
खडीसाखर घोळवावी तसा तिनं तो ळ घोळवला.
शोशाम्मा. वडील गॅरेजात, गाव आलप्पुळा.
पण त्यातला ळ म्हणे हा ळ नव्हे,
त्याच्याही आत आणखी एक असतो.
तिनं पाच वेळा म्हणून दाखवला.
मला आला नाही. अजून येत नाही.

मागच्या बाकावर शुआअ.
तिच्या नावाच्या शेवटी जे अक्षर आहे
ते आपल्या बाराखडीत नाही,
म्हणून नुसता अ लिहिते, तिनं माफ करावं.
"घशात काटा अडकलाय असं म्हण,
पण दुखू देऊ नको."
मधल्या सुट्टीत कूलरमागे मी घसा खरवडत बसायचे,
सुदानची तसाबीह हसून हसून भिंतीला टेकायची.
नावाचा अर्थ विचारला तर किरण निघाला.
माझ्या मामाचं नाव.

तिनं एकदा पावाला महयावा लावून आणला,
माशांचं ते आंबट-खारट काळपट काहीतरी.
निम्मा वर्ग नाक धरून उठला.
मला देवगडच्या आत्याचं मागलं दार आठवलं,
सुकटीची चटई, मांजर.
मी बोट बुडवलं.
"वास नाही येत तुला?"
"येतो की. आमच्याकडचाच आहे."

विमानं फार खालून जायची.
बाई खडू धरून तशाच थांबायच्या,
आणि त्या अर्ध्या मिनिटात
आम्ही एकमेकींचे ओठ वाचायला शिकलो.
तिथं कुणाचाच उच्चार चुकत नव्हता.

एकदा शोशाम्माच्या वडिलांच्या काळ्या नखांवर
हसणाऱ्यांत मीही होते.
ती काही बोलली नाही.
फक्त तीन दिवस मला धुलॅप म्हणाली,
अगदी स्वच्छ, बाईंसारखं.
चौथ्या दिवशी मी तिच्या वहीवर माझं पेन ठेवलं, निळं,
तिला आवडायचं ते.
"धुळप," ती म्हणाली, "शाई संपलीय यातली."

मार्चमध्ये गॅरेज बंद झालं.
बाईंनी हजेरीत तिच्या नावावरून
पट्टी पुढे सरकवली, न थांबता.
वरून एक विमान गेलं. आम्ही कुणी वर पाहिलं नाही.

मग मागून हाक आली.
जीभ कुठे लावायची ते ठाऊक नसलेली,
घशातून ओढून काढलेली,
ल नव्हे, र नव्हे, मधलंच काहीतरी.
तो ळ नव्हताच.
मी पहिल्याच हाकेला ओ दिली.